अर्ध्या भावातली रात्र

इंग्लंडात रात्रीची वीज निम्म्या दराने मिळते हे कळलं, की तिथे नव्याने आलेल्या मराठी माणसाची झोप उडते. कांदा उतरला तर आपण चार किलो जास्तीचा आणून पोटमाळ्यावर पसरतो. साखर उतरली तर डबे भरून ठेवतो. विजेचं तसं करता येत नाही. ती ज्या घटकेला स्वस्त, त्याच घटकेला वापरून संपवावी लागते, आणि ती घटका साधारण रात्री साडेबारा ते सकाळी साडेसात अशी असते. सवलत घ्यायला अंथरुणातून उठावं लागणं, ही काटकसरीची फार वरच्या इयत्तेची परीक्षा आहे.

या योजनेचं नाव ‘इकॉनॉमी सेव्हन’. ती 1978 साली सुरू झाली आणि नावातले सात म्हणजे रात्रीचे सात तास. कारण अगदी बाजारातलं आहे. कोळशावरची आणि अणूवरची वीजकेंद्रं रात्र झाली म्हणून बटण दाबून बंद करता येत नसत. देश झोपलेला, गिऱ्हाईक नाही आणि माल मात्र निघतोच आहे. मग कुठलाही व्यापारी जे करील तेच वीज मंडळांनी केलं. रात्रीचा भाव पाडला. पण व्यापारीच तो. रात्री सोडलेले पैसे त्याने दिवसाच्या दरावर चढवले. यातली पहिली गोष्ट जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते. दुसरी बिलाच्या मागच्या पानावर असते, आणि बिलाची मागची पानं फक्त निवृत्त माणसं वाचतात.

रेडिंगमध्ये आम्ही जे घर भाड्याने घेतलं त्यात हे दोन दरांचं मीटर आधीपासूनच होतं. पूर्वी तिथे रात्रीच्या विजेवर तापणारे हीटर होते. घरमालकाने ते काढून गॅसचा बॉयलर बसवला, मीटर मात्र जागच्या जागी राहिलं, जिन्याखालच्या कपाटात, छत्र्यांच्या मागे. बिलाचे पैसे बँकेतून परस्पर जायचे. बायको आणि मी दोघंही नोकरीवाले, त्यामुळे लाइटबिल हा घरात कधी चर्चेचा विषय नव्हता. मग मिरजेहून अण्णा आणि आई सहा महिन्यांसाठी आले.

अण्णा बँकेतून हेड कॅशिअर म्हणून निवृत्त झालेले. ज्या घरात जातील त्या घराचा ताळेबंद आपोआप त्यांच्याकडे येतो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी छत्र्या बाजूला केल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि आतून आवाज दिला, “अरे, एका घराला दोन भाव? आणि तुम्ही ढाराढूर झोपता?”

दुसऱ्या दिवसापासून जड कामांची रात्रपाळी सुरू झाली. कपडे रात्री, भांडी रात्री, इस्त्री शक्यतो पहाटे. आईने एकच प्रश्न विचारला, “म्हणजे मी रात्री दीडला उठून चटणी वाटायची?”

“तू कशाला उठतेस? आजकाल यंत्रांना टायमर असतो.”

“मिक्सरला नसतो,” आई म्हणाली, आणि तो विषय तिच्यापुरता संपला.

त्यात घड्याळाचा घोळ. इंग्लंडात मार्चअखेर सगळी घड्याळं एक तास पुढे करतात. बऱ्याच जुन्या मीटरांना ही सुधारणा कोणी कळवलेली नसते. ती वर्षभर ग्रिनिचची वेळ धरून बसतात. म्हणजे हिवाळ्यात साडेबारा ते साडेसात असलेली स्वस्ताई उन्हाळ्यात दीड ते साडेआठ होते. हे समजल्यावर अण्णांना झालेला आनंद बघण्यासारखा होता. सकाळी साडेआठपर्यंतचा चहा निम्म्या दरात! आठ पंचविसाला दुसऱ्या चहाचं आधण ठेवायचा त्यांनी नेम केला, तहान असो वा नसो.

रात्रपाळीला खरा अडथळा आणला तो सरकारी सल्ल्यांनी. वीज विकणारे सांगतात, यंत्रं रात्री चालवा. ब्रिटिश संसदेने 1996 साली आवाजाचा कायदा केला आहे आणि त्यात रात्र म्हणजे 11 ते 7, तेवढ्या वेळात शेजाऱ्यांची झोप मोडू नका. अग्निशमन दलं सांगतात, घरातली माणसं झोपली असताना वॉशिंग मशीन आणि ड्रायर चालू ठेवू नका, आगी लागतात. तिघांचंही मन राखायचं तर एकच मार्ग उरतो. रात्री दीडला मशीन लावायचं, त्याच्यासमोर जागं बसायचं आणि त्याला हळू बोल म्हणून सांगायचं. अण्णा बसले. अंगावर शाल, हातात जपमाळ. मशीनने कपडे पिळायला घेतले तेव्हा आमची आणि शेजारची सामाईक भिंत थरथरली. सकाळी शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, “काल रात्री तुमची झोप नीट झाली ना?” इंग्लंडात याला भांडण म्हणतात.

मीटरला रात्र झाल्याचं कळतं कसं, हेही अण्णांनी शोधून काढलं, आणि ती हकीकत मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडली. काही मीटरांत साधं घड्याळ असतं. पण ऐंशीच्या दशकापासून लाखो घरांतली मीटरं चक्क रेडिओ ऐकत. बीबीसी रेडिओ फोरच्या लाँग वेव्हवर, 198 किलोहर्ट्झवर, कार्यक्रमाच्या आवाजाखाली माणसाला ऐकू न येणारा एक इशारा दडवलेला असे. ड्रॉइटविचच्या मनोऱ्यावरून तो निघे आणि घराघरातल्या पेट्या खट् आवाज करून स्वस्त दरावर जात. समुद्रावरच्या हवामानाचं बातमीपत्र ऐकत माणसं झोपी जायची आणि त्याच लहरींवरून त्यांच्या पाणी तापवायच्या टाक्यांना उठायचा हुकूम सुटायचा. “सांगली आकाशवाणीने एवढं केलं असतं,” अण्णा म्हणाले, “तर मी रेडिओचं लायसन कधीच बुडवलं नसतं.” तो रेडिओही आता थकला. 2025 च्या जूनअखेरीपासून ही सेवा टप्प्याटप्प्याने गुंडाळायला घेतली आणि त्या घरांत स्मार्ट मीटर बसू लागले.

आमचं मीटर रेडिओ ऐकणाऱ्यांतलं नव्हतं. त्याचा घोळ वेगळा होता. दोन आकड्यांपैकी दिवसाचा कुठला आणि रात्रीचा कुठला हे त्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. हे दोन आकडे बिलात उलटे लागले तर रात्रभर जागून केलेली बचत दुसऱ्याच रकान्यात जाते, आणि असं काही घरांत होतं. यावर उपाय सोपा आहे. भर दुपारी एखादं मोठं उपकरण अर्धा तास लावायचं आणि कुठला आकडा पुढे सरकतो ते बघायचं. अण्णांनी ओव्हन लावला. रिकामा ओव्हन तापवणं आईला अशुभ वाटलं, म्हणून तिने आत रताळी ठेवली. आकडा कळला, रताळी उत्तम भाजली गेली आणि तो आठवड्यातला सर्वांत फलदायी प्रयोग ठरला.

आता हिशेब. दर कंपनीगणिक आणि गावागणिक बदलतात, म्हणून समजायला सोपे आकडे धरू. एकाच दराची साधी वीज युनिटला 25 पेन्स. दोन दरांच्या मीटरवर दिवसाचं युनिट 31, रात्रीचं 16. म्हणजे रात्री वापरलेल्या प्रत्येक युनिटमागे आपण 9 पेन्स कमावतो आणि दिवसा वापरलेल्या प्रत्येक युनिटमागे 6 पेन्स गमावतो. शंभर युनिटांपैकी चाळीस रात्री गेली तर 360 कमावले, 360 गमावले, फिटंफाट. चाळीसच्या वर गेलात तर फायदा, खाली राहिलात तर तोटा. अण्णा म्हणाले, “आपल्याकडे पस्तीसला पास करतात. इंग्रज कडक.”

चाळीस टक्के म्हणजे काही फार नाही, असं ऐकताना वाटतं. म्हणून अण्णांनी फ्रिजचं उदाहरण घेतलं. फ्रिज रात्र बघत नाही, दिवस बघत नाही, सुट्टी मागत नाही. चोवीस तासांपैकी सात तास स्वस्त, म्हणजे त्याच्या खाण्यातला 29 टक्के भाग रात्रीचा. अख्खी रात्र जागणारा फ्रिजसुद्धा या परीक्षेत नापास होतो! माणसं तर रात्री झोपतात. दिवे बंद, टीव्ही बंद, शेगडी थंड. गॅसवर घर तापवणाऱ्या कुटुंबाचा रात्रीचा वाटा चौथाईच्या आसपास रेंगाळतो. ब्रिटनमधलं मध्यम घर वर्षाला 2700 युनिटं वापरतं असं तिथला वीज नियामक धरून चालतो. त्यातली चौथाई, म्हणजे 675, रात्रीची धरली तर जवळपास 61 पौंड कमावले. उरलेल्या 2025 युनिटांवर एकशे साडेएकवीस पौंड गमावले. निव्वळ खड्डा साठ पौंडांचा, आणि तो खणायला रात्री जागायचं.

पण अण्णांचा गड पडला तो आईच्या किटलीने. धुण्याच्या एका खेपेला फार तर एक युनिट लागतं. ती रात्री लावली की वाचले नऊ पेन्स. एक लिटर पाणी उकळायला युनिटचा दहावा हिस्सा लागतो, म्हणजे ते दिवसा उकळलं की सहा दशांश पेनीचा भुर्दंड. पंधरा लिटर पाणी दिवसा उकळलं की रात्रीच्या एका खेपेचं पुण्य संपलं. मिरजेच्या घरात पंधरा लिटर चहा म्हणजे किती दिवसांचा, हे अण्णांना सांगायची गरज नव्हती. त्यात उन्हाळा. लंडनच्या महाराष्ट्र मंडळातली ओळखीची मंडळी, ऑफिसातले मित्र, कुणाचे तरी आईवडील, सगळे दुपारी चारला येत आणि चारच्या चहाला मीटर 31 पेन्सच लावी. पाहुणे आले की अण्णा हसतमुखाने उठून कपाटाकडे एक नजर टाकत. पाहुण्यांना वाटे, छत्री काढायला गेले असतील.

आईने मिक्सरचंही गणित मागून घेतलं. साडेसातशे वॉटचा मिक्सर पाच मिनिटं फिरवला तर रात्रीच्या आणि साध्या विजेच्या दरात फरक अर्ध्या पेनीचा. “अर्ध्या पेनीसाठी मला रात्री उठवणार होता,” हे वाक्य पुढे आमच्या घरात बऱ्याच विषयांना लागू पडलं.

मग ही योजना काढणारे वेडे होते का? अजिबात नाही. ती माणसांसाठी नव्हतीच, विटांसाठी होती. रात्रीच्या विजेवर तापणाऱ्या हीटरमध्ये जड विटा भरलेल्या असतात. रात्रभर वीज त्यांना तापवते आणि दिवसभर त्या ऊब सोडत राहतात. घर तापवणं हाच ब्रिटिश बिलातला सगळ्यात मोठा खर्च. तोच रात्री उरकला की चाळीस टक्के सहज ओलांडले जातात. मिल्टन कीन्समध्ये एका मित्राच्या फ्लॅटमध्ये असे हीटर आहेत. पगार झाला की पहिल्या आठवड्यात मित्रांना जेवू घालणाऱ्या आणि पंचवीस तारखेला आपल्याकडे उसने मागणाऱ्या माणसाचा त्यांचा स्वभाव. सकाळी अकराला, घरात कुणी नसताना, भिंतीला हात लावला तर चटका बसतो. संध्याकाळी सातला सगळे घरी येतात तेव्हा विटा कोमट आणि माणसं स्वेटरमध्ये. त्यावर ऊब भरून घ्यायची आणि सोडायची अशी दोन बटणं असतात. आज किती ऊब भरायची हे आदल्या रात्री ठरवावं लागतं, म्हणजे उद्याच्या हवेचा अंदाज आज बांधायचा, तोही इंग्लंडात. मित्र चेष्टेने म्हणतो की पैसे वाचतात, फक्त ते वाचलेले दिसायला घरात थांबता आलं पाहिजे.

हल्ली विटांची जागा मोटारीने घेतली आहे. विजेवरची गाडी वर्षाला सात हजार मैल चालली तर साधारण दोन हजार युनिटं खाते, आणि रात्री दारात उभी राहून शांतपणे खाते. आवाज नाही, कपडे पिळत नाही, शेजाऱ्यांची भिंत हलवत नाही. घरची 675 आणि गाडीची दोन हजार मिळवली तर रात्रीचा वाटा 57 टक्क्यांवर जातो. गाडीवाल्यांसाठी कंपन्यांनी रात्रीचे वेगळे, याहूनही स्वस्त दर काढले आहेत ते उगीच नाही. आमच्याकडे मात्र पेट्रोलची गाडी आहे. वर्षाला दोन हजार युनिटं रात्री खपवण्यासाठी तीस हजार पौंडांची गाडी घ्यावी का, हा प्रश्न अण्णांच्या ओठावर आला होता. बायकोने वेळीच वाढायला घेतलं.

याच सुमारास मिरजेहून काकांचा फोन आला. काका गावी शेती बघतात. अण्णांनी त्यांना मोठ्या उत्साहाने इंग्लंडातली रात्रीची सवलत सांगितली. पलीकडून थोडा वेळ काही ऐकू येईना. मग काका म्हणाले, “दादा, आमच्या पंपाला इतकी वर्षं रात्रीच लाइट यायची की. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. बॅटरी घेऊन बांधावर उभं राहायचं, पायाखाली साप बघायचा आणि पाणी धरायचं. आम्ही त्या रात्रीच्या लाइटविरुद्ध मोर्चे काढले, आणि तू तिची आरती करतोयस?”

अण्णा जरा गप्प झाले. रात्रीच्या विजेची महाराष्ट्रातली गोष्ट ही अशी आहे. मागणी कमी असताना उरलेली वीज कुणाच्या तरी गळ्यात मारायची असते. इंग्लंडात ती विटांच्या गळ्यात मारली, इकडे शेतकऱ्याच्या. जुन्नरकडच्या शेतकऱ्याला तर उसात पाणी धरताना बिबट्याही बघावा लागतो. त्याच्या मानाने शाल पांघरून वॉशिंग मशीनसमोर बसणं ही चैनच म्हणायची.

काकांनी पुढे आणखी एक बातमी दिली आणि अण्णांची वही पुरती उलटीपालटी झाली. महाराष्ट्रात जुलै 2025 पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैशांपासून सवलत लागू झाली. कारण पुन्हा तेच, उरलेला माल. फक्त तो आता उन्हाचा आहे. सौरऊर्जा दुपारी उतू जाते आणि संध्याकाळी नेमकी गरजेच्या वेळी मावळते. म्हणजे अण्णांचं मिरजेचं घर दुपारी स्वस्त, रेडिंगचं घर रात्री स्वस्त. नऊ ते पाच घरात कोण असतं? नोकरीवाले नसतात, शाळकरी मुलं नसतात. पेन्शनर असतात. “म्हणजे ही सवलत तुझ्यासाठीच काढलीय,” काका म्हणाले. अण्णांचा चेहरा खुलला. आईने मात्र तिथल्या तिथे जाहीर केलं, की मिरजेला दुपारी दोन ते चार ती झोपते, आणि सरकारने 80 पैसे दिले काय, 80 रुपये दिले काय, त्या वेळात मशीन लागणार नाही.

युनिटमागे 80 पैसे म्हणजे धुण्याच्या एका खेपेला 80 पैसे. इस्त्रीवाला एका सदऱ्याचे किती घेतो हे आठवून बघावं, म्हणजे या सगळ्या बचतीचा आकार लक्षात येतो. शिरोलीच्या फाउंड्रीत टनावारी लोखंड वितळतं, तिथे तासातासाचा दर बघून भट्टी लावणं म्हणजे धंदा. चौघांच्या घरात तेच करणं म्हणजे छंद. छंद वाईट नाही, पण त्याला बचत म्हणू नये.

परत जाण्याआधी अण्णांनी कंपनीला फोन लावायला सांगितला. फोनवर बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलली आणि तिने दोन्ही आकडे एकाच दराने लावून दिले. मीटर बदलावं लागलं नाही, कपाटातल्या छत्र्याही हलल्या नाहीत. अण्णांनी वहीत तारीख टाकली, खाली दोन रेघा मारल्या आणि त्या दिवशी दुपारी चारला स्वतः उठून सगळ्यांसाठी चहा केला.

तुमच्या घरी दोन दरांचं मीटर असेल तर वर्षाचे दोन आकडे काढा, रात्रीच्या युनिटांना एकूण युनिटांनी भागा. बिलावरचे दिवसाचा आणि रात्रीचा दर आणि कंपनीचा एकाच विजेचा साधा दर, असे तीन दर घालून तुमचा पास व्हायचा आकडा किती ते बघा. बहुतेक ठिकाणी तो चाळीसच्या आसपास निघेल. विटांचे हीटर, विजेवर तापणारी पाण्याची टाकी किंवा विजेवरची गाडी यांपैकी काही असेल तर रात्रीचा दर खुशाल ठेवा, फक्त उन्हाळ्यात मीटरची रात्र किती वाजता सुरू होते ते विचारून घ्या. यांतलं काहीच नसेल तर एकच दर मागा, आणि मिक्सर हवा तेव्हा लावा.